भागीदारी मोडल्यावरची वसुली

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या दोन्ही वनजिल्ह्यांत तेंदूपत्ता, बांबू आणि धानाच्या व्यवहारात एकाचे भांडवल, दुसऱ्याची गावागावांतली ओळख आणि तिसऱ्याचा ट्रक अशी भागीदारी जुळते, ती पुष्कळदा शब्दावरच चालते, आणि बिनसल्यावर पहिला प्रश्न येतो तो पेढीच्या नोंदणीचा. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या पेढीला करारातील येण्यासाठी दावा लावता येत नाही. मात्र विसर्जनाचा, म्हणजे भागीदारी संपविण्याचा, आणि हिशेबाचा दावा मूळ कायद्याने या बंदीतून वगळला होता. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने ही वाटही बंद केली, आणि लहान भागीदाराला स्वतःच्याच भांडवलावर पाणी सोडायला लावणारी ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली, हे योग्यच झाले.

हिशेबाचा दावा विसर्जनापासून ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. न्यायालय प्राथमिक हुकूमनामा देऊन हिस्से ठरवते आणि हिशेब तपासण्यासाठी कमिशनर नेमू शकते. बाहेरच्यांचे देणे आधी, मग भागीदाराने भांडवलाखेरीज दिलेली रक्कम, मग भांडवल आणि शेवटी उरलेली शिल्लक, असा फेडीचा क्रम असतो.

खरी कसोटी लागते ती दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत. तेंदूची पाने उन्हाळ्यात तोडली जातात, ७०-७० पानांची पुडकी वाळवून पोत्यांत भरली जातात आणि पोती बाहेरगावी रवाना होतात. गोदाम रिकामे झाल्यावर बेलिफाच्या हाती जप्त करण्याजोगे काही लागत नाही. म्हणूनच प्रतिवादी माल लांबवील अशी सकारण भीती असल्यास निकालापूर्वीच जप्ती मागण्याची दिवाणी प्रक्रिया संहितेतील सोय या भागात फार मोलाची आहे. दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले, तरी २०२५ मध्ये देशभरात ८ लाखांहून अधिक दरखास्ती प्रलंबित असल्याचे त्याच न्यायालयासमोर आले.

पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे व स्वतंत्रपणेही जबाबदार असतो, त्यामुळे तेंदूपत्ता विकणारी ग्रामसभा आपली थकबाकी कोणाही एका भागीदाराकडे मागू शकते, आणि विसर्जनाची जाहीर नोटीस दिली नसेल तर नंतरच्या व्यवहारांचे ओझेही जुन्या भागीदारावर येऊ शकते. ज्यांचे बिनसले आहे त्यांनी माल गोदामात असतानाच हिशेब लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि नोटीस विनाविलंब प्रसिद्ध करावी.