पक्ष मांडण्याची उमेदवारी

प्रत्येक धंद्याला त्याची उमेदवारी असते. सोनाराकडे आलेला नवा मुलगा प्रथम फुंकणी हाती घेतो; वकिलाच्या कचेरीतला नवा पदवीधर प्रथम कागदांची बाडे लावतो. जनसंपर्काचा व्यवसाय त्या मानाने तरुण. परंतु त्याचीही उमेदवारी आता रूढ झाली आहे. या विषयाचा विद्यार्थी दोन-तीन महिने एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करतो. महाविद्यालयांतून या कामाला इंटर्नशिप म्हणतात. हे काम जेव्हा एखाद्या उद्योगाच्या पक्षसमर्थनाच्या मोहिमेत करावे लागते, तेव्हा विद्यार्थ्याची केवळ बुद्धीच नव्हे, तर विवेकही कसाला लागतो.

जाहिरात आणि पक्षसमर्थन यांत भेद आहे. साबणाची जाहिरात साबण विकते. पक्षसमर्थनाची मोहीम मत घडविते. अमुक कर जाचक आहे, अमुक कायदा अनावश्यक आहे, अमुक पदार्थाविषयीची धास्ती निराधार आहे, हे उद्योगाला समाजाच्या आणि सरकारच्या गळी उतरवावयाचे असते. एकटा कारखानदार बोलला तर त्यात त्याचा स्वार्थ दिसतो. म्हणून सर्व मिळून संघ स्थापन करतात आणि संघाच्या मुखाने बोलतात. यात गैर काही नाही. लोकशाहीत शेतकऱ्याला, कामगाराला आणि ग्राहकाला जसा आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, तसाच तो उद्योगालाही आहे.

उमेदवाराच्या वाट्याला येणारे काम वरवर साधे दिसते. वृत्तपत्रांत आणि समाजमाध्यमांत आपल्या उद्योगाविषयी कोण काय म्हणाले याचे रोज टाचण करणे, पत्रकारांची यादी अद्ययावत ठेवणे, प्रसिद्धिपत्रकाचा पहिला खर्डा लिहिणे आणि अध्यक्षांना सभेत कोणते अडचणीचे प्रश्न विचारले जातील ते ताडून उत्तरे तयार ठेवणे. यांतील शेवटचे काम सर्वांत अधिक शिकविणारे आहे. कारण अडचणीचा प्रश्न सुचण्यासाठी विरोधकाच्या जागी जाऊन बसावे लागते. धोका असतो तो प्रसिद्धिपत्रकात. संघाने दिलेला आकडा विद्यार्थी विश्वासाने उतरवून घेतो आणि तो आकडा छापील झाला की सत्याचा मान पावतो.

हा धोका या व्यवसायाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील आयव्ही ली हे मूळचे पत्रकार. १९०६ साली कोळशाच्या खाणमालकांचे काम पाहताना त्यांनी वृत्तपत्रांना एक निवेदन धाडले. आपले सर्व काम उघडपणे चालेल, माहिती अचूक असेल आणि ती पडताळू इच्छिणाऱ्या संपादकाला साहाय्य केले जाईल, असा त्याचा आशय होता. या व्यवसायाच्या नीतीचा तो पहिला पाठ मानला जातो. पुढे १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन स्त्रिया आणि मुलेही मृत्युमुखी पडली. त्यानंतर मालकांची बाजू मांडणारी पत्रके याच ली यांनी काढली. संपाच्या पुढाऱ्यांच्या वेतनाचे त्यांतील आकडे कितीतरी पटींनी फुगलेले निघाले. ते मालकांकडून मिळाले होते आणि आपण ते पडताळून पाहिले नव्हते, हे ली यांना चौकशी आयोगापुढे मान्य करावे लागले. ज्याने पाठ घालून दिला, त्यालाच तो विसरावयास वेळ लागला नाही.

केवळ नाव उघड केल्याने भागत नाही, हे दुसऱ्या एका उदाहरणावरून दिसते. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत तंबाखू कंपन्यांचे एक निवेदन झळकले. त्याखाली कंपन्यांची नावे स्पष्ट होती. ग्राहकांच्या आरोग्याची जबाबदारी आपण सर्वांहून वरची मानतो, असे सांगून संशोधनासाठी एक समिती नेमल्याचे त्यात जाहीर केले होते. हिल अँड नोल्टन ही जनसंपर्कसंस्था या मोहिमेमागे होती. सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध नाकारता येईना, तेव्हा निदान संशय जिवंत ठेवावा, असे हे धोरण होते. कंपन्यांनी दशकानुदशके जनतेची फसवणूक केली, असा निर्णय तेथील संघीय न्यायालयाने २००६ साली दिला. मधल्या काळात किती माणसे त्या संशयाच्या आधारावर धूम्रपान करीत राहिली असतील!

आपल्याकडे याहून निर्मळ उदाहरण आहे. अंड्यांचा भाव व्यापाऱ्यांनी ठरवावा आणि उत्पादकाला खर्चही सुटू नये, अशा स्थितीत डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे पुणे. रोज अंडी खावीत, हा तिचा संदेश दूरचित्रवाणीने घरोघरी नेला. बोलणारा कोण हे उघड होते आणि अंडे पौष्टिक असते हे खरेही होते. तरीही अशा मोहिमेत कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा उल्लेख येत नाही. प्रामाणिक पक्षसमर्थनही एकपक्षीयच असते, हे उमेदवाराने ओळखून असावे.

आणि मग एखादा कसोटीचा दिवस उगवतो. समजा, वरिष्ठांनी सांगितले, “एका गृहिणीच्या नावाने वृत्तपत्राला पत्र लिहून दे.” प्रमाणपत्र त्यांच्या हाती, पुढील नोकरीची आशाही त्यांच्यावर. नकार देणे सोपे नाही. परंतु नकाराबरोबर पर्यायही देता येतो. तसे मत खरोखर असलेली गृहिणी शोधावी आणि तिने स्वतः लिहावे. किंवा तेच म्हणणे संघाने स्वतःच्या नावाने मांडावे. खोटे नाव घेतल्यावाचून जे म्हणणे टिकत नाही, ते मुळातच दुबळे असते. अशा प्रसंगी विद्यार्थ्याला एकटे सोडू नये. कोणते काम करावयाचे नाही हे महाविद्यालयाने आधीच लेखी ठरवावे आणि सल्ल्यासाठी एक शिक्षक नेमून द्यावा. भारतीय जनसंपर्क संस्था १९५८ साली स्थापन झाली. १९६५ साली अथेन्स येथे संमत झालेली आंतरराष्ट्रीय आचारसंहिता तिने १९६८ साली स्वीकारली. सत्याला अन्य कोणत्याही गरजेहून खाली लेखू नये, असे ती संहिता बजावते. विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहणारा हा आधार आहे. मात्र तो आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

उमेदवाराने दोन प्रश्न सतत जवळ बाळगावेत: बोलतो कोण? आणि बोलतो ते पडताळले कोणी? वाचकाने आणि श्रोत्यानेही तेच विचारावेत. जेथे लोक हे प्रश्न विचारतात, तेथे पक्ष मांडणाऱ्यालाही खरे बोलणेच अखेर परवडते.