चमकीचा गणवेश

बाहुल्यांच्या खेळातून मुलांना अक्षरे व अंक शिकविणारी 'सेसमी स्ट्रीट' ही मालिका अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली. गरीब घरांतील मुले शाळेत मागे पडू नयेत, हा मूळ हेतू. पुढे तासाचा भाग अर्ध्या तासावर आला आणि २०१६ साली नवे भाग आधी एचबीओ या सशुल्क वाहिनीवर दिसू लागले. इतरांना ते तेव्हा नऊ महिन्यांनी मिळत. हे मला खटकले.

आपल्याकडे ती २००६ साली 'गली गली सिम सिम' म्हणून हिंदीत आली. येथे मात्र एक मोठा बदल झाला. बाहुल्यांत पुढे होती पाच वर्षांची चमकी, शाळेच्या गणवेशातली. माझी आई कधी शाळेत गेली नाही. माझ्या वेण्या घालताना ती चमकीकडे बोट दाखवून म्हणे, "बघ, ही निघाली शाळेला. तू काऊन रडायलीस?"