अराता इझुमी: क्रमवारीत न सापडणारा पुणेकर

निवृत्त जपानी फुटबॉलपटूंच्या 'ऑनलाइन लोकप्रियते'ची क्रमवारी निघाली की नाकामुरा, नाकाता वर. साहजिकच आहे, ते वर्ल्ड कप खेळले. पण गोंदियातल्या फुटबॉलवेड्यांनो, आपल्या महाराष्ट्राशी नातं असलेला एक गडी त्यात शोधून बघा: अराता इझुमी.

जन्म 1982, शिमोनोसेकी. वडील गुजराती वंशाचे, आई जपानी. ईस्ट बंगालनंतर मुंबईचा महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. बालेवाडीच्या मैदानावर मधल्या फळीतून हळूच पुढे सरकणारा हा खेळाडू. 2012-13 च्या आय-लीगमध्ये पुणे दुसरं आलं, तेव्हा तो संघात होता. 2012 मध्ये त्यानं जपानी पासपोर्ट सोडून भारतीय नागरिकत्व घेतलं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. 2013 मध्ये भारताची जर्सी अंगावर आली.

गंमत अशी की त्याचं भारतीय नाव नीलकंठ खंभोळजा. कुणी 'अराता' शोधतो, कुणी 'नीलकंठ', आणि शोधांचे आकडे वाटले जातात. शिवाय अशा याद्या बहुधा क्लिक मोजतात, पास नव्हे. माझ्या यादीत तो पहिल्या पाचात! तुमच्या?