पालुला : चित्रालच्या दोन खोऱ्यांत टिकून राहिलेली भाषा

पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतातील चित्राल परिसरात सुमारे दहा हजार लोक पालुला ही भाषा बोलतात. द्रोश गावाच्या आसपास असलेली आश्रेत आणि बिओरी ही दोन खोरी तिची मुख्य भूमी आहेत. शेजारचे खोवार भाषक तिला ‘दंगरिक्वार’ या नावाने ओळखतात.

पालुला ही इंडो-आर्यन कुळातील शिना गटाची भाषा आहे. याच गटातील शिना भाषा भारतात गुरेझ आणि द्रास भागांत बोलली जाते. आपले पूर्वज काही शतकांपूर्वी सिंधू खोऱ्यातील चिलास भागातून येथे आले, असे या समाजाची मौखिक परंपरा सांगते. अफगाणिस्तानातील सावी आणि दीर कोहिस्तानातील कलकोटी या भाषांशी पालुलाचे निकटचे नाते आहे.

मराठी वाचकाला या भाषेचे एक वैशिष्ट्य ओळखीचे वाटेल. ‘मुलाने भाकरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद कर्त्याऐवजी कर्माच्या लिंगवचनानुसार बदलते. पूर्ण झालेली क्रिया सांगताना पालुलामध्येही असेच घडते. मात्र शब्दातील स्वराघातावरून होणारा अर्थभेद हा पालुलाचा स्वतंत्र विशेष आहे.

नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ गेऑर्ग मॉर्गेनस्टिएर्न यांनी 1941 मध्ये या भाषेविषयी टिपणे प्रसिद्ध केली. स्वीडनचे अभ्यासक हेन्रिक लिल्येग्रेन यांनी लिहिलेले तिचे सविस्तर व्याकरण 2016 मध्ये प्रकाशित झाले. तथापि, भाषा लेखनात आणण्यात स्थानिकांचा वाटा मोठा आहे. भाषकांनी ‘अंजुमन-ए-तरक्की-ए-पालुला’ ही संस्था स्थापन केली. उर्दू लिपीत आवश्यक अक्षरांची भर घालून वर्णमाला तयार झाली आणि तिची पुस्तिका 2006 मध्ये निघाली. 2008 मध्ये मातृभाषेतून शिक्षण देणारी शाळा सुरू झाली.

या प्रयत्नांची निकड स्पष्ट आहे. शाळा आणि कार्यालयांत उर्दू, तर बाजारात खोवार आणि पश्तो यांचे प्राबल्य आहे. लोवारी खिंडीखालील बोगदा 2017 मध्ये खुला झाल्यानंतर आश्रेतजवळून जाणारा मार्ग बाराही महिने वाहता झाला. त्याच वर्षीच्या जनगणनेत पालुलासाठी स्वतंत्र रकाना नव्हता. तिचे भाषक ‘इतर’ या सदरात मोजले गेले.

आश्रेत आणि बिओरीत मुले आजही घरी पालुलाच बोलतात. परंतु शिशी खोऱ्यातील पुरीसारख्या लहान वस्तीत कुटुंबे खोवारकडे वळली आहेत. दोन्ही ठिकाणी भाषा एकच आहे. फरक आहे तो पुढच्या पिढीशी घरात कोणती भाषा बोलली जाते, याचा. पालुलाचे भवितव्यही यावरच अवलंबून आहे.