पोरगं सिक्युरिटीत लावताय? आधी कागद बघा

कडेगाव तालुक्यात ताकारी आणि टेंभूचं पाणी आलं, ऊस वाढला. तरीही एक-दीड एकरावर दोन भावांचं भागत नाही. मग बारावी झालेलं पोरगं पुण्या-मुंबईला जातं आणि बऱ्याचदा पहिली नोकरी मिळते ती सिक्युरिटीची. "मोठ्या कंपनीत लागलाय," असं घरचे कौतुकानं सांगतात. कौतुक करावंच. पण शेतकरी बंधूंनो, बियाण्याच्या पिशवीवर नामांकित कंपनीचं नाव असलं तरी आपण टॅग बघतो, लॉट नंबर बघतो, पक्की पावती मागतो. इथंही तसंच करा.

आधी काम समजून घ्या. गणवेश आणि पगार कंपनीचा, पण उभं राहायचं दुसऱ्याच्या गेटवर. कारखाना असो, बँक असो की सोसायटी, मालक दोन होतात. तिथल्या साहेबाची मर्जी फिरली किंवा कंत्राट संपलं, की साइट बदलते. काम दिसायला सोपं आहे. गाडीचे नंबर लिहायचे, रजिस्टर भरायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, रात्री राउंड मारायचा. पण रोजची रात्रपाळी अंग मोडून काढते. उसाला रात्री पाणी पाजणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्यात रिलीव्हर आला नाही तर गेट सोडता येत नाही.

कंपनीच्या आकारावर जाऊ नका. एसआयएस १९७४ साली पाटण्यात माजी सैनिकांना हाताशी धरून सुरू झाली आणि २०१७ साली शेअर बाजारात आली. जगभर पसरलेली जीफोरएस २०२१ साली अमेरिकेच्या अलाइड युनिव्हर्सलनं विकत घेतली. वर मालक बदलतात, खाली गार्ड त्याच गेटवर उभा असतो. त्याला आधार कागदाचा.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. एजन्सीला परवाना लागतो. गार्डचं वय १८ ते ६५ असावं लागतं. केंद्राच्या नमुना नियमांत १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे. माजी सैनिकांना ४० आणि १६ तास पुरतात. आपल्याकडं घरटी फौजी असलेली गावं आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. महाराष्ट्राचा १९८१ चा वेगळा कायदाही आहे. त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. मंडळाच्या कक्षेतून सूट घेणाऱ्या एजन्सीनं गार्डला मंडळापेक्षा कमी लाभ द्यायचे नाहीत, अशी त्यात अट आहे.

आता हिशेब. १२ तासांची पाळी सहा दिवस केली तर आठवड्याला ७२ तास भरतात. कायद्याचे तास ४८. वरच्या २४ तासांना दुप्पट दर मिळायला हवा. "बारा तासांचे एवढे" असं तोंडी ठरवून हा फरक गिळला जातो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० असेल, तर १२ टक्क्यांप्रमाणे पीएफला गार्डचे १,४४० कापले जातात आणि तेवढीच भर कंपनीनं घालायची असते. ईएसआयला गार्डचा पाऊण टक्का, कंपनीचा सव्वातीन टक्के. त्यातून घरच्यांनाही औषधोपचार मिळतो.

म्हणून पोरगं निघताना चार गोष्टी सांगून ठेवा. नेमणूकपत्र घे. गणवेशाचे, प्रशिक्षणाचे पैसे मागितले तर पावती घे. यूएएन नंबर घेऊन पीएफचं पासबुक मोबाईलवर बघत जा. हजेरीची नोंद स्वतःच्या वहीतही ठेव आणि दरमहा स्लिपशी ताडून बघ. फरक निघाला तर आधी कंपनीला लेखी कळवावं. दाद नाही मिळाली तर पीएफसाठी पीएफ कार्यालय आणि पगारासाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे.

कारखान्यावर आपण काट्याची पावती खिशात घातल्याशिवाय हलत नाही. पोराच्या घामाचं वजनही तसंच बघून घ्या.