कंबर धरली? आतली सूज ओळखा!

लावणीचे दिवस आले की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "कंबर धरली!" दिवसभर चिखलात वाकून रोपे लावायची, खताची पोती उचलायची, उसाची मोळी डोक्यावर घ्यायची, मग कंबर बोलणारच. उपायही ठरलेले असतात. कोणी पायाळू माणसाचा पाय लावून घेतो, कोणी बिब्बा घालतो, कोणी विटेचा शेक घेतो. पण वाचकहो, सगळी कंबरदुखी एका जातीची नसते. आत सूज कसली आहे, हे आधी पाहावे लागते.

दुरुस्तीची सूज

पायात काटा मोडला की भोवतालची जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. यालाच दाह म्हणतात. ही शरीराने स्वतः चालवलेली डागडुजी असते. उसण भरते किंवा स्नायू लचकतो, तेव्हाही आत असाच दाह होऊ शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

दोन मणक्यांमधली गादी फाटून तिच्यातला मऊ गर बाहेर आला, तर नस नुसती दबत नाही. त्या गरामुळे उठलेल्या दाहाने ती चिडतेही. मग कळ मांडीतून पोटरीत उतरते. परंतु याच दाहातल्या पेशी पुढे तो गर हळूहळू खाऊन टाकतात. म्हणूनच पुष्कळांचे दुखणे शस्त्रक्रियेवाचून काही आठवड्यांत ओसरते.

अशा वेळी अंथरूण धरू नका. पूर्वी डॉक्टरही आठवडाभर पडून राहायला सांगत. 1986 साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत काही रुग्णांना दोन दिवस, तर काहींना सात दिवस विश्रांती सांगितली होती. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले आणि दुखणेही वाढले नाही. शेक घ्यावा, झेपेल तेवढे हिंडावे-फिरावे, ओझे मात्र काही दिवस टाळावे.

सकाळी धरणारी कंबर

दुसऱ्या जातीत दाह हाच रोग असतो. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच मणक्यांवर आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांवर उलटते. या आजाराला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. तो बहुधा विशी-तिशीत सुरू होतो. पुरुषांना होतो तसा स्त्रियांनाही होतो.

त्याच्या खुणा लक्षात ठेवा. दुखणे हळूहळू सुरू होऊन तीन महिन्यांहून अधिक टिकते. उत्तररात्री दुखण्याने जाग येते. सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ कंबर ताठ राहते. विश्रांतीने आराम पडत नाही; हालचाल केली की बरे वाटते. कधी डोळा लाल होऊन दुखतो.

असा तरुण सकाळी कण्हतो आणि दुपारी कामाला लागतो. घरच्यांना वाटते, हा सोंग करतो! या गैरसमजात वर्षे निघून जातात. काहींच्या बाबतीत मणके एकमेकांना जुळून पाठ कायमची वाकते. वेळेवर संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेले, तर औषधे आणि रोजचा व्यायाम यांनी दाह आटोक्यात ठेवता येतो.

जंतूंची सूज

बारीक ताप, वजन घटणे आणि सतत दुखणारी पाठ या खुणा मणक्याच्या क्षयाच्या असू शकतात. पूर्ण औषध घेतल्यास तो बरा होतो. गोठ्यातूनही एक रोग येतो, त्याचे नाव ब्रुसेलोसिस. गाभ टाकलेल्या गाई-म्हशीचा वार उघड्या हातांनी काढल्याने किंवा कच्चे दूध प्यायल्याने त्याचे जंतू माणसात शिरतात. मग ताप येतो, घाम सुटतो आणि कंबर धरते. म्हणून दूध उकळूनच प्यावे आणि वार काढताना हातमोजे घालावेत.

हे विसरू नका

बिब्ब्याने कातडी भाजते; आतली सूज मात्र तशीच राहते. बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. वेदनाशामक गोळ्या मनानेच रोज घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडांना अपाय होतो. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातला जोर गेला, तर एक दिवसही न थांबता मोठ्या दवाखान्यात जावे.

घरातले तरुण माणूस रोज सकाळी कंबर धरून उठत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारा, "काम केल्यावर बरे वाटते की विश्रांती घेतल्यावर?" "कामाने" असे उत्तर आले, तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.