सिंगापूरची क्रूझ ठरवताय? आधी जमिनीवरचे तास मोजा

हल्ली मुंबई-पुण्याच्या टूर एजंटकडे सिंगापूरचं पॅकेज मागितलं की त्यात तीन-चार रात्रींची क्रूझ हमखास दाखवली जाते. जहाज सिंगापूरहून निघतं, मलेशियातल्या पेनांग किंवा पोर्ट क्लांगला, कधी थायलंडच्या फुकेतला थांबतं आणि पुन्हा सिंगापूरला येतं. आपल्याकडची बरीच कुटुंबं आता अशा सफरीला जातात. अम्मी-अब्बा, मुलं, एखादी खाला किंवा फुफू, असा सगळा गोतावळा सोबत असतो.

ब्रोशरमध्ये जहाजाचे फोटो भरपूर असतात. पण सफर बिघडते ती बहुतेक वेळा जमिनीवर. विमान उशिरा आलं, बंदरावरून परतायला वेळ झाला, जेवण कुठे घ्यायचं ते ठरलेलं नव्हतं, नमाजची वेळ टॅक्सीत निघून गेली. म्हणून केबिन कुठली घ्यायची हे ठरवण्याआधी जहाजाच्या आधीचे, मधले आणि नंतरचे जमिनीवरचे तास मोजून घ्यावेत. ते कसे, ते पाहू.

निघण्याआधी एक रात्र सिंगापुरात

मुंबईहून सिंगापूरचं थेट विमान साधारण साडेपाच तास घेतं आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. म्हणजे रात्री अकराला निघालात तर तिथल्या सकाळी सातच्या आसपास उतरता. जहाज संध्याकाळी निघणार असेल तर कागदावर हे छान जमतं. पण विमान पाच तास लेट झालं किंवा बॅग मागे राहिली तर? जहाजाचं चेक-इन निघण्याच्या बरंच आधी बंद होतं. त्यानंतर पोहोचलेल्याला सहसा घेत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. एका रात्रीचं हॉटेल त्यापेक्षा खूप स्वस्त पडतं.

ती रात्र काम्पोंग ग्लाम किंवा लिटल इंडिया भागात काढली तर आपल्या लोकांची सोय होते. काम्पोंग ग्लाममध्ये सोनेरी घुमटाची सुलतान मशीद आहे. आजची इमारत १९३२ साली पूर्ण झाली. लिटल इंडियात डनलॉप स्ट्रीटवर अब्दुल गफूर मशीद आहे आणि मुस्तफा सेंटरजवळ सेरंगून रोडवर गुजरातहून आलेल्या व्यापारी घराण्याची अंगुलिया मशीद आहे. दोन्ही भागांत हलाल जेवण पायी जाण्याच्या अंतरावर मिळतं.

आणखी एक गोष्ट आधीच पाहा. सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनल आहेत: मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. ऐनवेळी टॅक्सी चुकीच्या टर्मिनलला गेली तर म्हाताऱ्या माणसांसकट सामान घेऊन धावपळ होते. तिकिटावरचं टर्मिनलचं नाव हॉटेलमधून निघतानाच ड्रायव्हरला दाखवा.

परतीच्या दिवशीही घाई नको. जहाज सकाळी लागलं तरी सगळ्यांना उतरून, इमिग्रेशन करून, बॅगा मिळेपर्यंत दुपार होऊ शकते. त्या दिवशी दुपारचं विमान घेऊ नका. रात्रीचं घ्या किंवा आणखी एक रात्र थांबा.

व्हिसा: परत आत यायचं आहे हे विसरू नका

सिंगापूरला जाताना भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. क्रूझमध्ये तुम्ही सिंगापुरात दोनदा प्रवेश करता, एकदा विमानाने आणि दुसऱ्यांदा जहाजाने. म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का, हे हातात आल्याबरोबर वाचून पाहा. दोन्ही वेळच्या प्रवेशाआधी ऑनलाइन अरायव्हल कार्डही भरावं लागतं. मलेशिया आणि थायलंडनेही आपापली डिजिटल अरायव्हल कार्डं सुरू केली आहेत. या दोन्ही देशांनी भारतीयांना व्हिसात सवलत दिलेली आहे, पण हे नियम बदलत राहतात. बुकिंग करताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात एकदा सरकारी संकेतस्थळावर खात्री करा. "एजंट म्हणाला" एवढ्यावर विसंबू नका. वाटेतल्या एका देशाचा कागद कमी पडला तरी जहाजावर चढू देत नाहीत.

पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा. घरात कोणी गरोदर असेल तर बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर जहाजावर घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही सहसा परवानगी नसते.

बंदरावर आठ ते पाच म्हणजे नऊ तास नाहीत

वेळापत्रकात 'पेनांग, सकाळी ८ ते संध्याकाळी ५' असं लिहिलेलं असतं. आपण नऊ तास धरतो. प्रत्यक्षात जहाज लागल्यावर उतरण्याची परवानगी मिळून रांगेतून बाहेर पडेपर्यंत नऊ वाजतात. परत चढण्याची शेवटची वेळ जहाज निघण्याच्या अर्धा-एक तास आधी असते, म्हणजे चार धरा. त्याआधी तासभर हाताशी ठेवायचा, म्हणजे तीनला बंदरावर. उरले सहा तास. त्यात जेवण आणि जोहर बसवायची आहे.

पेनांगला हे सहज जमतं, कारण जहाज थेट जॉर्ज टाउन शहराला लागतं. हे शहर २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. स्वेटनहॅम धक्क्यावरून कॅपिटन केलिंग मशीद चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातून आलेल्या मुस्लिमांनी ती उभारली. त्यांचे पुढारी कादर मोहिदीन यांना कॅपिटन केलिंग म्हणत, तेच नाव मशिदीला मिळालं. जवळच नागोर दर्गा आहे, तमिळनाडूतल्या नागोरच्या शाह अल हमीद यांच्या आठवणीत बांधलेला. थोडं पुढे लेबुह आचेह रस्त्यावर १८०८ सालची मशीद आहे. आगबोटींच्या काळात हाजी या गल्लीत जमून इथून जहाजाने जेद्दाहला जात. मुंबईहून समुद्रमार्गे हज १९९५ पर्यंत चालू होती. त्या जहाजाने गेलेले दादा-नाना ज्यांच्या घरात आहेत त्यांना ही गल्ली नक्की दाखवा.

जोहर कॅपिटन केलिंगला, जेवायला जवळच नासी कंदार, म्हणजे तमिळ मुस्लिमांच्या हातची भात-सालन थाळी, आणि मग रमतगमत धक्क्यावर. पेनांग हिलची ट्रेनही बघायची असेल तर शहर सोडावं लागेल. येण्याजाण्यात आणि रांगेत अर्धा दिवस जातो. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर दोन्हींतलं एकच निवडा.

पोर्ट क्लांग म्हणजे क्वालालंपूर नव्हे

पॅकेजमध्ये 'क्वालालंपूर' लिहिलेलं असलं तरी जहाज पोर्ट क्लांगला लागतं. तिथून क्वालालंपूरला रस्त्याने एक ते दीड तास, ट्रॅफिक असेल तर जास्त. सहा तासांतले तीन गाडीतच गेले. ट्विन टॉवर, राष्ट्रीय मशीद आणि बाजार, सगळं एका दिवसात करायला गेलात तर परत येताना जीव टांगणीला लागतो.

याला दोन उपाय आहेत. पहिला, वाटेवरच्या शाह आलमला थांबा. तिथली सुलतान सलाहुद्दीन अब्दुल अजीज मशीद १९८८ साली पूर्ण झाली. निळ्या घुमटाची ही देशातली सर्वांत मोठी मशीद. दुसरा, क्वालालंपूर बघायचंच असेल तर ते क्रूझमध्ये कोंबू नका. सफरीनंतर सिंगापूरहून बसने किंवा विमानाने जाऊन दोन रात्री निवांत राहा.

फुकेतमध्ये घड्याळ सांभाळा

थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. जहाज मात्र बरेचदा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. मोबाइल किनाऱ्यावर गेला की आपोआप थायलंडची वेळ दाखवतो. मोबाइलमध्ये साडेतीन वाजलेत म्हणून तुम्ही नारळपाणी पीत बसता आणि जहाजावर साडेचार झालेले असतात. घरातल्या एकाने साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावं आणि सगळ्यांनी तेच मानावं.

फुकेतला काही जहाजं धक्क्याला न लागता पाटोंगच्या खाडीत नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीत चढ-उतार करताना पायऱ्या आणि हेलकावे असतात. गुडघेदुखीच्या माणसाला ते झेपत नाही, व्हीलचेअर तर प्रत्येक वेळी घेतीलच असं नाही. मे ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत समुद्र खवळलेला असेल तर हा थांबाच रद्द होऊ शकतो. तिथली महागडी बुकिंग आगाऊ करू नका.

जहाजाची टूर की आपली गाडी?

जहाज कंपनीची टूर महाग असते. पण त्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा कंपनी पुढची सोय करते. आपण केलेल्या टॅक्सीसाठी जहाज थांबत नाही. म्हणून साधा नियम ठेवा: जवळ असेल तर स्वतः जा, लांब असेल तर कंपनीची टूर घ्या. मात्र कंपनीच्या टूरमध्ये जेवण असेल तर ते हलाल आहे का आणि बस नमाजला थांबेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

उतरताना प्रत्येकाजवळ जहाजाचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि त्या बंदरातल्या जहाज एजंटचा नंबर असावा. काही जहाजांवर पासपोर्ट जमा करून घेतात. अशा वेळी किनाऱ्यावर काय न्यायचं ते रिसेप्शनला विचारून घ्या. रोजच्या गोळ्या केबिनमध्ये न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवा.

नमाज: कसर, जमा आणि मुक्काम

सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे नमाजच्या वेळा वर्षभर फारशा बदलत नाहीत. जोहर एकच्या आसपास आणि मगरिब सातच्या आसपास असते.

तिथला मलाय समाज शाफई मजहबचा आहे. कोकणातल्या आपल्या शाफई कुटुंबांना मशिदीतल्या वेळा घरच्यासारख्याच वाटतील. हनफी मंडळींना मात्र असरची जमात आपल्या वेळेआधी होते असं दिसेल. प्रवासात कसर दोन्हींकडे आहे. शाफई मुसाफिराला जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याची मुभा आहे, त्यामुळे बंदरावरचा दिवस सोपा जातो. हनफी मुसाफिराने जोहर तिच्या शेवटच्या वेळेत आणि असर सुरुवातीला पढली की धावपळ कमी होते. स्थानिक इमामाच्या मागे उभे राहिलात तर चार रकात पूर्ण पढायच्या.

मुक्काम ठरवताना हेही बघा. एकाच ठिकाणी पंधरा दिवस राहण्याची नियत असेल तर हनफी माणूस मुकीम होतो. शाफई मजहबमध्ये येण्या-जाण्याचे दिवस सोडून पूर्ण चार दिवस राहण्याची नियत पुरते. क्रूझनंतर नातेवाइकांकडे आठवडाभर थांबणार असाल तर निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारून घ्या.

जहाजावर किबला बदलत राहतो, कारण जहाज वळतं. लोखंडामुळे मोबाइलचा कंपासही चुकू शकतो. केबिनच्या टीव्हीवर जहाजाची दिशा नकाशात दिसते, त्यावरून अंदाज घ्या. या भागात किबला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला आहे.

महिलांसाठी एक चांगली गोष्ट: सिंगापूर-मलेशियातल्या मशिदींत महिलांची नमाजची आणि वजूची वेगळी जागा असते. मलेशियात मॉलमध्येही 'सुराऊ' अशी पाटी शोधा, तिथे नमाजची सोय असते.

जेवण आणि सामान

जहाजावर 'पोर्क नाही' म्हणजे हलाल नव्हे. सिंगापूरच्या दुकानांवर 'नो पोर्क, नो लार्ड' अशी पाटी दिसते, तिचाही अर्थ तेवढाच. सिंगापुरात मुइस, मलेशियात जाकिम आणि थायलंडमध्ये सेंट्रल इस्लामिक कौन्सिलचं प्रमाणपत्र बघा. काही जहाजांवर हलाल प्रमाणित रेस्टॉरंट आहे, काहींवर मागणीनुसार जेवण देतात, काहींवर भाजी-मासळीवरच भागवावं लागतं. बुकिंगच्या वेळी हे ईमेलवर लेखी मागा.

घरून डबा भरून नेण्याची आपली सवय इथे अडचणीत आणू शकते. भारतातून मटण-चिकनचे पदार्थ सिंगापुरात नेता येत नाहीत. खसखशीलाही बंदी आहे, त्यामुळे घरच्या मसाल्याची पुडी नेताना त्यात खसखस नाही ना, ते बघा. गुटखा आणि खायची तंबाखूही चालत नाही. सिगारेटला करमुक्त सवलत नाही; एक पाकीटही जाहीर करून त्यावर कर भरावा लागतो.

एजंटला विचारायचे प्रश्न

- जहाज कुठल्या टर्मिनलहून निघतं आणि चेक-इन किती वाजता बंद होतं?
- प्रत्येक बंदरावर धक्का आहे की छोटी बोट?
- परत चढण्याची शेवटची वेळ कोणती, आणि ती कुठल्या घड्याळाप्रमाणे?
- हलाल जेवणाची लेखी हमी मिळेल का?
- रोजचा सर्व्हिस चार्ज आणि बंदर कर दिलेल्या किमतीत धरले आहेत का?
- थांबा रद्द झाला तर काय परत मिळतं?

या सहा प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. उत्तरं टाळणारा एजंट बदलून टाका. उत्तरं मिळाली की घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन बसा आणि प्रत्येक बंदराचे तास कागदावर मांडा. सफर इन्शाअल्लाह आरामात पार पडेल.